लोणारच्या काठचे घर आणि पावसाची नाली



नालीचा विषय रेडिओवर कशाला, असे कोणी म्हणेल. नाली म्हणजे नगरपरिषदेचे काम, ठेकेदाराचे काम, फार तर मते मागायला येणाऱ्यांचे आश्वासन. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एक गाव असे आहे, की तिथे नालीचा विषय घराच्या उंबऱ्यापासून निघतो आणि साऱ्या जगाच्या विषयाला जाऊन मिळतो. ते गाव म्हणजे लोणार. तेव्हा आज थोडा वेळ आपण नालीवरच बोलू.

समजा, तुमचे घर लोणारात आहे. सरोवराच्या काठापासून फार दूर नाही. गल्ली उताराची. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला, की वरच्या आळीचे सारे पाणी तुमच्या दारावरून वाहते. ओट्याला लागते, कधी उंबरा ओलांडते, दाण्याची पोती खाटेवर चढवावी लागतात. मग एक दिवस दोन माणसे टेप घेऊन येतात, भिंतीवर चुन्याच्या खुणा करतात. तुम्ही विचारता, "काय हो, काय चाललं?" ते सांगतात, "पावसाच्या पाण्याची पक्की नाली होणार आहे इथून." तुम्हाला बरे वाटते. इतकी वर्षे अर्ज केले, त्याचे काहीतरी झाले.

पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एकेक शंका डोके वर काढते. चर खणताना घराच्या पायाला धक्का लागेल का? नालीची कड ओट्यापेक्षा उंच झाली तर पाणी बाहेर जायचे सोडून घरातच येईल का? नाली पावसाची म्हणतात, पण शेजारी उद्या आपली मोरी तिच्यात सोडणार नाही कशावरून? गाळ कोण काढील? डास किती होतील? आणि शेवटची शंका, जी बहुतेकांना सुचतच नाही : हे पाणी घेऊन नाली जाणार कुठे?

पहिल्या पाच शंका मेहकरच्या, चिखलीच्या, खामगावच्या घरमालकालाही पडतील. शेवटची खास लोणारची आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. म्हणून आधी ती घेऊ, घराच्या पायाकडे मग येऊ.

लोणारचे सरोवर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. शाळेच्या सहलीत तर पाहिलेच असेल. आकाशातून आलेली उल्का काळ्या पाषाणावर आदळली आणि हे विवर झाले. विवराची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर, खोली काठापासून दीडशे मीटरच्या आतबाहेर. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास धरीत. पुढे आर्गॉन वायूच्या पद्धतीने खडकांची मोजणी झाली तेव्हा ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाले. काळ्या पाषाणात, म्हणजे बसाल्टात, उल्केने केलेली अशी विवरे पृथ्वीवर अगदी मोजकी आहेत. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ साली या जागेची नोंद केली असे पुस्तके सांगतात. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपली माणसे तिथे धारेवर स्नान करीत होती, दैत्यसूदनाच्या मंदिरात जात होती, लवणासुराची कथा सांगत होती. तळ्यातला खार काढण्याचा धंदाही जुना. त्या खारांना दल्ला, पापडी, खुप्पल अशी वेगवेगळी नावे होती आणि साबणाला, काचेच्या बांगड्यांना तो खार लागे.

हा खार तिथे आला कुठून? इथे आपल्या नालीची गोष्ट सुरू होते.

सरोवराला पाणी आत यायला वाटा आहेत. आभाळातून पाऊस येतो, कड्यांतून झरे येतात, धारेचे पाणी येते. बाहेर जायला मात्र वाट नाही. एकही ओढा त्यातून बाहेर पडत नाही. पाणी जाते ते फक्त उन्हाने, वाफ होऊन. आणि वाफ होते ती नुसत्या पाण्याची. पाण्याबरोबर जे विरघळून आले असेल ते तळ्यातच राहते. घरी करून पाहा. परातीत वाटीभर पाणी घ्या, चिमूटभर मीठ विरघळवा, उन्हात ठेवा. दोन दिवसांनी पाणी गेलेले असेल, मीठ परातीला चिकटलेले असेल. उद्या पुन्हा वाटीभर तसेच पाणी घाला, परवा पुन्हा घाला. मीठ वाढतच जाईल. लोणार ही हजारो वर्षांची तशी परात आहे. पाषाणातून झिरपत आलेल्या पाण्याने चिमूट चिमूट क्षार आणले, उन्हाने पाणी नेले, क्षार राहिले. म्हणून तिथले पाणी खारे आणि सोड्यासारखे आहे.

आता या परातीत खाऱ्या पाण्याऐवजी मोरीचे पाणी घाला. साबण, धुण्याची पावडर, खरकटे, शेणामुताचे पाणी. त्यातलेही पाणी उडून जाईल. बाकीचे कुठे जाईल?

नदीकाठच्या गावाला हा प्रश्न इतका बोचत नाही. तिथली घाण पुढच्या गावाला जाते. (ते चांगले आहे असे मी म्हणत नाही; पुढच्या गावचा माणूस काय म्हणतो ते त्याला विचारा.) पण पूर आला की नदी धुऊन निघते. लोणारला पूर आला तरी धुऊन जायला जागा नाही. तिथे आलेली वस्तू कायमची मुक्कामाला येते.

कोणी म्हणेल, "अहो गुरुजी, मोरीचं पाणी नका सोडू म्हणता ते समजलं. पन ही नाली तं पावसाची हाये. पावसाच्या पान्यानं तळ्याले काय होते? पाऊस तं तसाही तळ्यात पडतेच."

प्रश्न रास्त आहे. उत्तर जरा सविस्तर द्यावे लागेल.

आधी हिशोब करू. शिक्षक मंडळींनी हा हिशोब फळ्यावर घालावा, मुलांना आवडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एका जोराच्या सरीत ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर एका एकरावर दोन लाख लिटरांहून थोडे अधिक पाणी पडते. उन्हाळ्यात आपल्या दारात दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे वीस टँकर. हा पाऊस जर वावरात पडला, तर त्यातला बराच जमिनीत मुरतो, बाकीचा हळूहळू वाहतो. तोच पाऊस पत्र्यावर, स्लॅबवर, सिमेंटच्या रस्त्यावर पडला तर जवळजवळ सगळा वाहतो, आणि लगेच वाहतो. त्याला पक्की नाली मिळाली म्हणजे तो सगळा एका तोंडाशी, एकाच वेळी, धावत येतो. नाली नव्हती तेव्हा पाणी दहा वाटांनी रेंगाळत जात होते. नालीने ते गोळा केले. गोळा करणे हेच तिचे काम. म्हणून तिचे तोंड कुठे उघडते याला इतके महत्त्व.

दुसरी गोष्ट, पावसाचे पाणी आभाळातून पडते तेव्हा स्वच्छ असते. गल्लीतून वाहून गेल्यावर नसते. पहिल्या पावसाची नाली कधी जवळून पाहिली आहे का? आठ महिन्यांचे शेण, चुलीची राख, गाड्यांचे सांडलेले तेल, टायरांची भुकटी, गुटख्याच्या पुड्या, पिशव्या, मेलेले उंदीर, सारे त्या पहिल्या लोंढ्याबरोबर निघते. गाव झाडून काढले आणि तो केर पाण्यात कालवला, असे ते पाणी असते.

शेण, मूत्र आणि साबणाच्या पाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस तळ्यात जातो. आपण कपाशीला, सोयाबीनला डीएपी टाकतो ते याच दोहोंसाठी. वावरात त्याने पीक वाढते, तळ्यात शेवाळ वाढते. लोणारचे पाणी हिरवे दिसते ते स्पायरुलिना जातीच्या सूक्ष्म शेवाळामुळे. ते तिथले मूळचेच रहिवासी. पण खत जास्त झाले की तळ्यातल्या जिवांचे जुने प्रमाण बिघडते, कुजणारा माल वाढतो. कोल्हापूरकरांनी रंकाळ्यात शहरातले नाले मिसळल्यावर पाणी कसे होते ते पुरते पाहिले आहे. आणि रंकाळा गोड्या पाण्याचा तलाव आहे. लोणारसारखे पाणी दुसरीकडून आणून भरता येणार नाही.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. नालीचे पाणी अगदी गंगाजलासारखे स्वच्छ असले तरी ते जास्त झाले तर लोणारचे नुकसानच आहे. सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे. शास्त्रज्ञ ज्याला पीएच म्हणतात तो साध्या पाण्याचा सात, लोणारचा नेहमी दहाच्या आसपास वा त्याहून थोडा वर असल्याची नोंद आहे. या मोजपट्टीचा एक आकडा म्हणजे दहापट फरक. साडेदहाचे साडेनऊ झाले तर आपल्याला वाटते थोडेसेच उतरले. प्रत्यक्षात अल्कधर्मीपणा एक दशांशावर आलेला असतो. त्या तीव्र पाण्यातच जगू शकणारे सूक्ष्म जीव तिथे आहेत आणि त्यांच्यासाठीच जगभरचे अभ्यासक येतात. गोडे पाणी वाढत गेले की तळे साधे होत जाते. तळे साधे झाले की लोणार हे आणखी एक गावतळे झाले.

२०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, ते आठवत असेल. लोक टाळेबंदीत घरी बसलेले, आणि वर्तमानपत्रांत गुलाबी लोणारचे फोटो. कोणी म्हणाले चमत्कार, कोणी म्हणाले कोप. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. पाणी आटून खारेपणा वाढला, ऊन कडक होते, त्यांची वाढ झाली. पावसाळा आला, पाणी वाढले, रंग गेला. म्हणजे पाणी थोडे कमीजास्त झाले तर सारे तळे रंग बदलते, इतके ते नाजूक आहे. त्यानंतरच्या वर्षांत उलटीच बातमी येऊ लागली : पाण्याची पातळी वाढते आहे, काठच्या कमळजादेवीच्या मंदिराकडे पाणी सरकते आहे. आटले तरी काळजी, वाढले तरी काळजी. अशा तळ्यात नवी नाली सोडायची तर तोलून मापून विचार नको का?

आता थोडे गावाच्या उताराविषयी. विवराचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे वीस मीटर उंच उचललेला आहे. आदळलेल्या उल्केने आतला दगडमुरूम बाहेर फेकला, त्याचा बांध झाला. त्यामुळे काठाच्या बाहेर पडलेला पाऊस निसर्गतःच बाहेरच्या बाजूला उतरतो आणि ओढ्यानाल्यांनी गोदावरीच्या खोऱ्याकडे जातो. आत पडलेला आतच राहतो. या बांधाला मोठी खिंड आहे ती ईशान्येला, धारेच्या ओहोळाची. आणि लोणार गाव बसले आहे तेही त्याच बाजूला. निसर्गाने दार ठेवले ते नेमके गावाच्या अंगाला! म्हणून गावातले पाणी धारेच्या वाटेने आत उतरणे सोपे पडते. नाली बांधणाऱ्याला सर्वांत कमी खर्चाचा उतार तोच दिसणार. त्याचा त्यात काही दुष्ट हेतू असतो असे नाही. लेव्हल लावली, उतार मिळाला, रेघ मारली. पण ती रेघ कोणत्या भांड्यात जाते हे नुसत्या उताराच्या नकाशावरून कळत नाही. ते दारचा माणूस सांगू शकतो.

आणि दारच्या माणसाने ते सांगावे यासाठी कायद्याचा आधार आहे. सरोवर आणि परिसराला २००० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे २९ वे कलम असे सांगते, की अभयारण्यात येणारा किंवा तिथून जाणारा पाण्याचा प्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्याशिवाय कोणी वळवू नये, अडवू नये आणि वाढवूही नये. ‘वाढवू नये’ हा शब्द ध्यानात ठेवा; नवी पावसाळी नाली नेमके तेच करते. पुढे २०२० साली लोणार रामसर यादीत गेले. रामसर हे इराणातले गाव. पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार १९७१ साली तिथे झाला, म्हणून त्याचे नाव. महाराष्ट्रात पहिला मान नाशिककडच्या नांदूरमध्यमेश्वराला मिळाला, दुसरा लोणारला. अशा जागांना २०१७ चे पाणथळ जागांचे नियम लागू होतात, आणि त्या नियमांप्रमाणे गावाचे, शहराचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी तिथे सोडायला मनाई आहे.

सरोवराच्या रक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे २००९ साली जनहित याचिका गेली. गावचे सांडपाणी, अतिक्रमणे, विवरातली वेडी बाभूळ असे अनेक प्रश्न तिच्या निमित्ताने वर्षानुवर्षे चर्चेला आले.  एवढे सांगून कायद्याचा विषय सोडतो. श्रोते कलमे ऐकून कंटाळतात, आणि ते बरोबरच आहे.

एक परदेशची हकीकत मात्र सांगितली पाहिजे. अमेरिकेत सिअॅटल शहराच्या शेजारी वॉशिंग्टन नावाचे मोठे सरोवर आहे. काठाला घरे वाढली, एकामागून एक सांडपाण्याचे कारखाने त्यात पाणी सोडू लागले. पाणी प्रक्रिया केलेले होते, तरी फॉस्फरस राहतच होता. पाणी गढूळले, शेवाळाचा वास सुटला. एडमंडसन नावाच्या प्राध्यापकांनी मोजमापे घेऊन लोकांना सांगितले, की पाणी सोडणे थांबवा, सरोवर स्वतःहून सुधारेल. १९५८ साली लोकांनी मतदान केले. पहिल्या खेपेला योजना पडली, त्याच वर्षी दुसऱ्या खेपेला मंजूर झाली. खर्च घरमालकांनीच सोसला. सरोवराभोवती मोठे नळ घातले, १९६८ पर्यंत सांडपाणी वळवून झाले, आणि थोड्या वर्षांत पाणी खरोखरच निवळले. इथे एक फरक लक्षात घ्या. त्या सरोवराला नद्या मिळतात आणि कालव्याने पाणी समुद्राकडे निघून जाते. त्याला स्वतःला धुऊन घ्यायची सोय होती. लोणारला ती सोय नाही. तिथे चूक झाल्यावर निस्तरू, असे म्हणून चालत नाही.

मग काय, तुमच्या ओट्यावर पाणी येऊ द्यायचे? तळे वाचवायचे म्हणून माणसाने दाण्याची पोती भिजवायची? असे मी मुळीच म्हणणार नाही. काठावरच्या माणसाला कोरडे घर मिळाले नाही तर तो सरोवराचा मित्र कशाला होईल? नाली हवीच. तिचे तोंड विवराच्या बाहेरच्या उताराकडे हवे, तिच्यात फक्त पावसाचे पाणी हवे, आणि शेवटाला गाळ बसायला खड्डा व पाणी थांबायला लहानसे तळे हवे. खर्च थोडा वाढेल. खोदाई काही ठिकाणी खोल जाईल. पण मार्ग आहे.

त्यातही एक अडचण आहे, ती लपवू नये. बाहेरच्या उतारावर कोणाचे तरी वावर असते. तो शेतकरी म्हणेल, "गावचं पानी माह्या वावरात काहून?" त्याचेही खरे आहे. म्हणून त्याला आधी विचारले पाहिजे. त्याच्या बांधाला शेततळे करून गाळलेले पावसाचे पाणी दिले, तर तो कदाचित खुशीने घेईल. रब्बीच्या हरभऱ्याला एक पाणी निघाले तर कोणाला नको? पण मोरीचे पाणी त्याच्या वावरात सोडून वर त्यालाच उपकार सांगू लागलो, तर तो पहारीने नाली फोडील, आणि मला त्याचा राग येणार नाही.

आता तुमच्या घराकडे वळू. चर खणायला येतील तेव्हा पहिली गोष्ट, चर तुमच्या पायाच्या तळापेक्षा खोल जाणार आहे का ते विचारा. जुन्या घरांचे पाये उथळ असतात, दगड मातीत बसवलेले. त्यांच्या शेजारी खोल चर खणून तो पावसात उघडा ठेवला तर माती सरकते आणि भिंत तडकते. उपाय अवघड नाही. सगळी गल्ली एकदम खणायची नाही, थोडे थोडे खणायचे, फळ्यांचा आधार द्यायचा, बांधले की लगेच भरून नीट ठोकून घ्यायचे, आणि हे सारे मृगाच्या आत उरकायचे. काळी माती असेल तर दुप्पट काळजी; ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. नालीचे सांधे गळके राहिले तर पायाशी बारमाही ओल राहते. काम सुरू होण्यापूर्वी भिंतींचे फोटो काढून ठेवावे. भेग जुनी की नवी हा वाद पुढे तोंडाने मिटत नाही.

दुसरी गोष्ट, पातळी. रस्ता दर पाचदहा वर्षांनी वर चढतो, जुन्यावर नवा थर पडतो, आणि घर खड्ड्यात जाते. हे दुखणे आपल्या बहुतेक गावांत आहे. नालीची वरची कड तुमच्या जोत्याच्या खाली राहते की नाही, हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीने दहा मिनिटांत मोजता येते. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येते, त्याला इंजिनिअर लागत नाही. खूण करा, फोटो काढा आणि लेखी द्या.

तिसरी गोष्ट शेजाऱ्याची, आणि तुमची स्वतःची. पावसाची नाली मोरीची नाली कशी होते? कोणी एक जण रात्री पाइप जोडतो. दुसरा म्हणतो, त्याने जोडला तर मी का नको? वर्षभरात गल्ली जोडली जाते, आणि उन्हाळ्यातही नाली वाहू लागते. उन्हाळ्यात वाहणारी पावसाची नाली दिसली की समजावे, काय झाले ते. म्हणून दुसऱ्याला बोलण्याआधी आपल्या न्हाणीचे पाणी कुठे जाते ते पाहावे. न्हाणीच्या पाण्याला शोषखड्डा करता येतो, परसात जागा असेल तर केळीला, अळूला देता येते. संडासाचा खड्डा ही मात्र वेगळी गोष्ट. इथला पाषाण भेगाळलेला आहे. भेगांत झिरपलेले पाणी कड्यातून झरा होऊन बाहेर येऊ शकते. त्या झऱ्यांवर लोक तीर्थ म्हणून ओंजळ भरतात. तेव्हा संडासाचे पाणी बिनप्रक्रियेचे मुरवू नये. त्याची सोय नगरपरिषदेच्या भुयारी गटारातून शुद्धीकरण केंद्राकडेच व्हायला हवी, आणि तिचा आग्रह पावसाच्या नालीपेक्षाही आधी धरायला हवा.

छपराचे पाणी तर तुमच्या हातातले आहे. शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ७०,००० लिटर पाणी होते. त्यातले निम्मे जरी टाकीत, विहिरीत, बोअरच्या भरावाच्या खड्ड्यात गेले, तरी गल्लीतला लोंढा कमी होतो. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, छप्पर धुऊन निघू द्यावे, मग साठवावे.

नगरपरिषदेत जाताना चारपाच घरांनी मिळून जावे. एकटा गेला की तक्रारखोर ठरतो. रागाने जाऊ नये, कामाला विरोध आहे असेही बोलू नये. कामाचा नकाशा आणि अंदाजपत्रक पाहायला मागावे. नकाशावर नालीच्या शेवटच्या टोकावर बोट ठेवून विचारावे, "साहेब, इथून पुढे पाणी कुठे जाते?" उत्तर ‘नाल्यात’ असे आले तर विचारावे, "तो नाला कुठे जातो?" वनखात्याचा परवाना घेतला आहे का, गाळाचा खड्डा धरला आहे का, दरवर्षी मृगापूर्वी सफाई कोण करणार, हे त्याच बैठकीत विचारावे आणि अर्जावर पोच घ्यावी. कागद मिळाला नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. चर खणण्यापूर्वी विचारलेल्या प्रश्नाने एक रेघ बदलते. स्लॅब पडल्यावर तोच प्रश्न विचारला तर पाच वर्षे जातात.

शिक्षक बंधुभगिनींना थोडे सांगायचे आहे. तुमची शाळा लोणार तालुक्यातली नसली तरी हरकत नाही. परातीचा प्रयोग वर्गात करा. दुसरा प्रयोग हळदीचा. कागदाला हळदीचे पाणी लावून वाळवा, मग त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका. कागद लाल होतो, हळदीत चुना घालून कुंकू करतात तसा. अल्कधर्मी पाणी म्हणजे काय, ते मुलांना व्याख्येशिवाय कळते. मग त्या सोड्याच्या पाण्यात साधे पाणी घालत जा आणि दर वेळी नव्या कागदावर थेंब टाका. लाली उतरत जाते. जास्तीचे गोडे पाणी लोणारचे काय करते, ते वेगळे सांगावे लागत नाही.

आणि मुलांकडून आपल्या गावाचा पाण्याचा नकाशा काढून घ्या. मोठी सर येऊन गेली, विजा थांबल्या, की वरच्या वर्गातील मुलांना घेऊन निघावे. शाळेच्या फाटकाशी वाहणारे पाणी पकडावे आणि ते जाईल तिकडे चालत राहावे. कोणत्या वळणावर मोरी मिळते, कुठे गाळ बसतो, कुठे पाणी तुंबते, कोणाच्या ओट्याला लागते, ते वहीत मांडावे. वही मेणकापडात गुंडाळलेली असावी आणि पेनाऐवजी पेन्सिल घ्यावी. शाई ओल्या कागदावर पसरते. पाणी ज्या ठिकाणी शेवटी थांबते तिथपर्यंत जावे. लोणारच्या मुलांना हा रस्ता धारेच्या पायऱ्यांपर्यंत नेईल. पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा तिथे बरोबर दोन मोठी माणसे असू द्यावीत.